मागच्या गाडीची झील

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर, आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आमचा म्हणजे सरांचा. मी तिथं शिकवायला होते. जिना चढून आलं की आधी चपला काढायच्या, मग पडदा बाजूला करायचा, मग काचेचं दार ढकलायचं. बाहेर परभणीचं ऊन आणि आत एसीत आम्ही स्वेटर घालून. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून सर इतकं सोवळं पाळायचे की गावाकडून पोराची चौकशी करायला आलेले बाप दारातूनच हात जोडायचे. आत या म्हणून सांगावं लागायचं, तरी ते टोपी काढूनच आत यायचे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती अखेरची वर्षं होती. कधी बंद पुकारला जाईल आणि एसटी डेपोतच थांबेल याचा नेम नसायचा. अशाच एका बंदमध्ये सरांचा पुण्याचा भाचा इथं अडकून पडला आणि जाताना एक फ्लॉपी ठेवून गेला. तिच्यात गाणं लिहायचा प्रोग्राम होता. सरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी फ्लॉपी माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, तुम्ही शाळेत हार्मोनियमच्या परीक्षा दिल्यात ना? बघा हे काय प्रकरण आहे. जमलं तर उन्हाळ्यात एक बॅच काढू."

बॅच कधीच निघाली नाही. त्या फ्लॉपीवर शेवटपर्यंत एकच गाणं लिहिलं गेलं, माझ्या अक्काचं.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. जमीन होती, पण वर्षभर पुरेल इतकी नव्हती, म्हणून दर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून आम्ही ऊस तोडायला जायचो. तेव्हा काही टोळ्या ट्रकनं जायला लागल्या होत्या, पण आमची टोळी बैलगाड्यांनीच जायची. गाड्यांत ज्वारी, भांडी, कोंबड्या, आणि वर बायका-पोरं. बाबांची गाडी सगळ्यात पुढं, कारण त्यांच्या बैलांना रस्ता पाठ होता. बाबांच्या शेजारी अक्का. मी आईबरोबर सगळ्यात मागच्या, काकांच्या गाडीवर, कारण काकू दरसाली नेमकी निघायच्या वेळेलाच पोटुशी असायची आणि तिच्याजवळ आई लागायची.

गाड्या रस्त्याला लागल्या की अक्का गाणं धरायची. ती एक ओळ म्हणायची आणि मागच्या गाड्यांवरच्या बायका झील द्यायच्या. झील म्हणजे मुख्य गाणारीच्या मागून बाकीच्यांनी म्हणायची ओळ. आमच्या वाटेवरची झील एकच, गाणं कुठलंही असो: "आलोत गं माय, आलोत." ही नुसती हौस नव्हती. पहाटे उठून निघालेली माणसं गाडीवर पेंगतात, गाडीवान पेंगला की बैल भलत्याच रस्त्याला लागतात, आणि एकदा तर एक माणूस चाकाखाली आला होता. म्हणून झील आली की गाडी आली असं समजायचं. अक्काची ओळ संपली की दुसऱ्या गाडीची झील यायची, मग तिसरीची, आणि सगळ्यांच्या शेवटी आमची. ती ऐकू आल्याशिवाय अक्का पुढची ओळ घ्यायची नाही. रस्ता चढाचा असला किंवा वारा उलटा असला तर खूप वेळ लागायचा. अक्का थांबायची. हात वर धरून, मान मागं वळवून थांबायची, आणि वळणावर तेवढ्या लांबून ती मला दिसायची. माझा आवाज बारीक आणि चिरका, त्यामुळं तो बायकांच्या आवाजात वेगळा कळायचा. मी खेळण्यात गुंग असले की आई कोपरानं ढोसायची, "दे की गं, ती थांबलीय."

पुढं मला परभणीला आत्याकडं ठेवलं. दोन पोरींतल्या एकीनं तरी शिकावं असं बाबांच्या मनात आलं, आणि अक्काचा हात तोवर कोयत्याला बसला होता. इतकं साधं कारण. मी शाळा शिकले, हार्मोनियम शिकले, कॉलेज झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला. अक्काचं त्याच टोळीतल्या मुलाशी लग्न झालं आणि ती ऊस तोडत राहिली. लोक याला नशीब म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो.

फ्लॉपी आली त्याच साली, दिवाळीच्या आधी, अक्काचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गावातल्या एका म्हातारबांनी अंगारा लावून झाला. आवाज उलट घोगरा होत गेला. मी तिला परभणीला बोलावून घेतलं आणि डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासणीला पाठवलं, तपासणीवाल्यांनी आणखी मोठ्या तपासणीला. शेवटी कळलं ते सगळ्या घरानं मनात धरलेलं होतंच. गळ्याचा कॅन्सर. लांबच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार होतं.

हे तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. शिकलेली मी ना. माझ्या भाड्याच्या खोलीत, खाटेवर ती मोड आलेली मटकी निवडत बसली होती. मी जमेल तसं सांगितलं.

"मंग बोलता येनार न्हाई?"

"नाही."

"आन् गाता?"

मला तिचा इतका राग आला की मी ताडकन उठले. बोलताच येणार नाही तिथं गाणं कसलं विचारतेस, असं मी ओरडले. तिनं मटकी निवडणं थांबवलं नाही. राग तिचा नव्हताच, हे तिलाही कळत होतं.

दाजींना टोळीबरोबर जावंच लागलं. ऑपरेशनच्या वेळी येतो म्हणून ते गेले. आता सगळे ट्रकनंच जात होते. ट्रक पाथरीवरून गेला असेल, अमुक गावी मुक्काम पडला असेल, असं ती दोन दिवस स्वतःशीच बोलत होती. टोळी गेली आणि अक्का मागं राहिली, हे जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला येक करून दे. बाकीच्या चाली जुन्या हायत, त्या कुनाच्या बी गळ्यात राहतील. येक चाल मपली हाय. मपल्या मनानं केल्याली. ती राहिली पाह्यजे."

मला ती चाल माहीत होती. गावाकडच्या लग्नांत, हळदीला, अक्का ती म्हणायची आणि मी सुटीत गेले की मागं झील द्यायचे. मी लगेच आत्याच्या मुलाचा टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं. अक्कानं पुढं होऊन टेपवर आपला तळवा ठेवला.

"ह्या फाटक्या गळ्यात नगं. उद्या लोकं ऐकतील आन् म्हनतील, ही अशीच गायची."

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. ती हटली नाही. चाल राहावी, पण हा आवाज राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. अक्काचा चांगला आवाज म्हणजे काय होता हे मला ठाऊक होतं, आणि आता तिच्या गळ्यातून जे निघत होतं ते तिनं स्वतः ऐकलं तरी तिला सोसलं नसतं. तेव्हा मला ती फ्लॉपी आठवली. गळा नको, फक्त चाल हवी. त्या प्रोग्रामला तेवढंच तर येत होतं.

तो उघडला की पडद्यावर पाच आडव्या रेघा यायच्या, आणि त्याच्याही आधी त्याच्या चौकशा. गाण्याचं नाव काय, चाल कोणाची, पट्टी कोणती, ताल किती मात्रांचा, वेग काय. सोयरीक बघायला आलेले लोकसुद्धा आधी पाणी पितात, मग विचारतात. मला सारेगम लिहायची सवय, सूर लिहायचा आणि त्याखाली मात्रेची खूण करायची. इथं सा नव्हताच. रेघांवर काळे ठिपके, काही पोकळ, काहींना शेपट्या. मी पहिल्या दिवशी आपला सा त्यांच्या एका ठिपक्यावर बसवला आणि शाळेतला पहिला अलंकार लिहून वाजवला. कॉम्प्युटरच्या पोटातून पीं पीं पीं असा आवाज आला आणि शेजारी इंग्रजी अर्ज टाईप करत बसलेली पोरं दचकून माझ्याकडं बघायला लागली.

हळूहळू जमत गेलं. माऊसनं ठिपका उचलायचा, रेघेवर नेऊन ठेवायचा. चुकला तर वर-खाली सरकवायचा. आणि एक नियम कधी मोडायचा नाही: दोन उभ्या रेघांमधला प्रत्येक खाना भरलाच पाहिजे. सूर नसेल तिथं गप्प बसण्याचीही खूण असते, आणि किती वेळ गप्प बसायचं तेही आधीच ठरवून द्यावं लागतं. आपण नाही दिलं तर तो प्रोग्राम आपल्या मनानं भरून टाकतो. हे मला तेव्हा फार शिस्तीचं वाटलं होतं.

संध्याकाळी मी घरी आले की अक्का स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर बोटांनी ताल धरायची आणि कुजबुजल्यासारखी चाल सांगायची. मी क्लासमधल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर सारेगम उतरवून घ्यायचे.

"बैलाचे पाय मोज," ती म्हणायची, "आपसूक ताल लागंल."

ओळी अशा होत्या:

वाटंवरली बाभळ गेली, वळनावरलं पानी गेलं,
मागं वळून पाह्यलं म्या, धाकली कुटं दिसंना.

आणि त्यावर झील, नेहमीचीच. आलोत गं माय, आलोत.

अडचण ही की अक्का ती ओळ दोनदा सारखी म्हणायचीच नाही. सोमवारी 'बाभळ'वर थांबायची, मंगळवारी 'पानी'वर. मी आदल्या दिवशीचा कागद पुढं करायचे.

"अक्का, काल इथं लांबवलं नव्हतंस."

"काल चड नव्हता."

"कसला चढ? खाटेवर बसलीयस तू."

"गान्यात चड हाय की."

"मला काहीतरी एक ठरवून सांग. मशीनला दोन-दोन चालत नाहीत."

"मंग मशीनलाच इचार, कोन्ती पाह्यजे त्येला," असं म्हणून ती हसायला जायची आणि हसण्याचा खोकला व्हायचा. मग मी पाणी आणायचे आणि ती संध्याकाळ तिथंच संपायची.

एकदा तर दोन ओळी पूर्ण लिहून झाल्या होत्या आणि लाईट गेली. सेव्ह करायचं राहिलं होतं. पोरांना रोज घसा फोडून सांगते, दर थोड्या वेळानं सेव्ह करा, आणि स्वतः मात्र विसरले. घरी येऊन मी रडकुंडीला आले. अक्का म्हणाली, "जाऊ दे. म्या सांगते की पुन्यांदा. अजून हाय गळा." ते 'अजून' मला फार लागलं.

रविवारी क्लास बंद असायचा, तेव्हा मी तिला घेऊन गेले. तिनं चपला जिन्याच्या पायथ्याशीच, औषधाच्या दुकानासमोर काढल्या. वर येऊन पदर डोक्यावरून घेतला आणि खुर्चीच्या टोकाला बसली. पडद्यावरचे ठिपके बघून म्हणाली, "मुंग्याच मुंग्या हायत की." मी तिला वर एका कोपऱ्यात, 'चाल कोणाची' याच्यापुढं, इंग्रजीत टाईप केलेलं तिचं नाव दाखवलं. ते बघून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती जरा लाजली, आणि म्हणाली, "मपलं एकलीचं कामून? गाड्या चालत हुत्या म्हून सुचली." तरी नाव खोडू नकोस, असंही म्हणाली.

मी एकेक ओळ वाजवून दाखवत होते. 'धाकली' या शब्दावर तिनं हात वर केला. तिथं तिचा सूर वरून घसरत खाली यायचा, आणि माझ्याकडं फक्त वेगवेगळे ठिपके.

"ह्ये पायऱ्या उतरल्यावानी झालं. उतार हाय त्यो. पायऱ्या न्हाईत."

मी मधे आणखी बारके ठिपके भरले. पायऱ्या लहान झाल्या, उतार झाला नाही. बराच वेळ खटपट केल्यावर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ज्येला म्हनायचं हाय त्यो घसरंल बराबर." त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच थांबलो. पूर्ण गाणं सलग असं तिनं ऐकलंच नाही, कारण ते पूर्ण झालंच नव्हतं.

त्या रविवारी घरी येताना मी सहज विचारलं, "ही धाकली कोण गं? नणंद का?" गाण्यांत सासू असते, दीर असतो, तशी कुणीतरी धाकली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"ननंद कशाची? तू."

आम्ही रस्त्यात होतो. रिक्षा, सायकली, सगळा गोंगाट, आणि तिचा आवाज इतका खोल गेलेला की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"तुला आत्याकडं ठिवून गेलो नं, त्या साली. म्या पह्यली ओळ म्हनली. समद्या गाड्यांची झील आली. तुपला आवाज आला न्हाई. म्या थांबले. बाबा म्हनले, चल की आता, कुनासाठी थांबलीस? तवा ही ओळ आली त्वांडात."

घरी येऊन चहा ठेवला आणि दूध नासलेलं निघालं, ते मी तसंच उकळत बघत उभी राहिले. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. आत्याकडं मी काही दुःखात नव्हते. पहिल्या दिवशीच मला नवी पाटी मिळाली होती आणि मी त्यात दंग होते. तिकडं रस्त्यावर माझ्यासाठी कुणी गाडी थांबवून बसलंय, हे मला कोण सांगणार होतं? आणि मग इतक्या लग्नांत, इतक्या हळदींत, ती म्हणायची 'धाकली कुटं दिसंना' आणि मी बायकांच्या घोळक्यातून मोठ्यांदा सांगायचे, आलोत गं माय, आलोत. ती माझ्याकडं वळून का बघायची, हे आता कळत होतं.

दाजी आले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. स्टेशनवर गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात काढला आणि माझं नाव घेऊन हाक मारली. मी तिच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा शब्द.

त्या आठवड्यात मी क्लास सुटल्यावर थांबून गाणं पूर्ण केलं. ती परत येईल तेव्हा तिला सलग ऐकवायचं, एवढंच डोक्यात होतं. सर एकदा पाठीशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे मधेमधे रिकामं का?"

"तिथं बाकीच्या बायका म्हणतात, सर."

"मग ते लिहा ना."

"ते काय लिहायचं? ते येतंच."

मला त्यांचा प्रश्नच खुळचट वाटला. सगळा जन्म मी झीलच दिली होती. झील हे गाण्याचं अंग आहे, लिहून ठेवायची गोष्ट आहे, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ओळ संपली की तोंड उघडायचं, एवढंच. आमच्याकडची कुणीही बाई त्या खुर्चीवर असती तर तिनंही असंच केलं असतं. पण खाना रिकामा चालत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळीनंतर चार खाने गप्प बसायची खूण देऊन टाकली. लग्नात झीलला साधारण तेवढाच वेळ लागतो. मग प्रिंट काढली. खर्र खर्र करत, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद बाहेर आला, आणि मी तो अभिमानानं घडी करून ठेवला.

अक्का परत आली तेव्हा थंडी ओसरत आली होती. गळ्याला खाली भोक, त्यावर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर पदर. श्वास तिथूनच. खोकला तिथूनच. तिला बघून मी आधी पळत जाऊन मिठी मारायला निघाले आणि मग कुठं हात लावावा कळेना म्हणून तशीच उभी राहिले. तिनंच माझा हात धरला. वजन इतकं उतरलं होतं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. पण दोन दिवसांतच ती खाणाखुणांनी माझ्या स्वयंपाकाची टर उडवायला लागली. वरणाकडं बोट दाखवून नदीसारखा हात हलवायची. तिसऱ्या दिवशी तिनं कानाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. ऐकव.

रविवारी गेलो. पुन्हा चपला जिन्याच्या खालीच. सर मुद्दाम आले होते. गार हवा तिच्या गळ्याला बाधेल म्हणून त्यांनी आपल्या हातानं एसी बंद केला, आणि मग आम्हाला दोघींनाच सोडून बाहेर जाऊन बसले. त्यांच्याबद्दल मी वर जे काही टोचून लिहिलंय ते इथं मागं घेते.

अक्का पडद्यासमोर बसली. मी तिच्या खुर्चीच्या मागं उभी राहिले आणि बटण दाबलं.

पीं पीं असा तो बारका, चिरका आवाज. पण चाल तीच. बाभळ गेली, पाणी गेलं, मागं वळून पाहिलं, आणि 'धाकली'च्या त्या बारक्या पायऱ्या. अक्काची बोटं टेबलावर चालायला लागली. ओळ संपली. मशीन गप्प झालं. पडद्यावर एक बारीक उभी रेघ रिकाम्या खान्यांवरून सरकायला लागली.

अक्कानं हात वर केला आणि मान मागं वळवली.

मला इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. मला ती झील येत होती, दुसरं काही येवो न येवो, ती येत होती. तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. अक्काच्या गळ्यावरची पट्टी श्वासाबरोबर आत-बाहेर होत होती आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं. मी कसंबसं "आलोत" म्हणाले, आणि तोवर चार खाने संपले होते. मशीननं पुढची ओळ सुरू केली होती. माझी झील आणि ती ओळ एकमेकींत अडकल्या आणि नुसता कालवा झाला.

अक्कानं उचललेला हात तसाच पडद्यासमोर धरला, बैलांना थांबवतात तसा. मशीन थांबलं नाही. ओळ म्हणायचं, चार खाने गप्प बसायचं, कुणी आलं की नाही ते न बघता पुढं जायचं. असं करत ते गाणं शेवटपर्यंत गेलं आणि आपोआप बंद पडलं.

मी म्हणाले, "अक्का, मी चुकले. मी ते वाढवून देते. जास्त वेळ थांबेल असं करते." तिनं मान हलवली. खुर्ची फिरवली, पडद्याकडं पाठ केली, आणि माझ्याकडं तोंड करून बसली. मग तिचे ओठ हलायला लागले. आवाज काहीच नाही. फक्त गळ्याच्या भोकातून हवेची फुसफुस. पण ओठांवरून मला प्रत्येक शब्द वाचता येत होता. वाटंवरली बाभळ गेली. वळनावरलं पानी गेलं. 'धाकली'पाशी तिची मान बरोबर घसरत खाली आली, पायऱ्या नाहीत, उतार.

ओळ संपली. तिनं हात वर धरला.

मी रडत होते. नाक पुसलं, श्वास घेतला, पुन्हा हुंदका आला, पुन्हा श्वास घेतला. किती वेळ गेला असेल मला माहीत नाही. खाली रस्त्यावर एक रिक्षा येऊन उभी राहिली, प्रवासी उतरला, रिक्षा गेली. अक्काचा हात खाली आला नाही. ती माझ्याकडं बघत होती, चेहऱ्यावर घाई म्हणून नव्हती. शेवटी माझा आवाज निघाला, बारीक आणि चिरका. "आलोत गं माय, आलोत."

तेव्हा कुठं तिनं पुढची ओळ घेतली.

पुढच्या दिवाळीच्या आत अक्का गेली. दाजी टोळीबरोबर निघाले तेव्हा ती प्रिंट त्यांनी मागून नेली. वाचणार कुणी नाही, पण ट्रकमध्ये असू दे म्हणाले. फ्लॉपी माझ्याकडं राहिली. ती चालत होती तोवर मी अधूनमधून ते गाणं उघडायचे आणि मधले खाने वाढवून बघायचे. चारचे सहा, सहाचे दहा. मशीन दर वेळी तेच विचारायचं, किती वेळ गप्प बसायचं ते सांग. मी एक आकडा द्यायचे आणि बटण दाबायचे. ओळ संपायची. रेघ रिकाम्या खान्यांवरून सरकायला लागायची. मी तोंड उघडायचे, आणि कितीही खाने वाढवलेले असले तरी, माझी झील बाहेर पडेपर्यंत गाणं पुढं निघून गेलेलं असायचं.